घातपात म्हणावं कधी, आणि नुसतं नुकसान कधी

'घातपात' हा शब्द लिहिला की आपण एका दमात तीन गोष्टींची खात्री देऊन बसतो. हे कुणीतरी केलं, मुद्दाम केलं, आणि आधी ठरवून, लपूनछपून केलं. यातली एक जरी गोष्ट हातात नसेल तरी तो शब्द लिहायचा नाही. मी नाशिकला एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं उपसंपादक आहे. रात्री साडेदहाला तालुक्याचा बातमीदार फोनवर 'ताई, घातपातच आहे' म्हणतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण म्हणतंय? पोलीस, घरचे, शेजारी, की तुम्ही?

हे टिपण नव्या बातमीदारांसाठी आहे. पण आता पोलिसांत तक्रार देणारा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगमधल्या फुटलेल्या काचेबद्दल लिहिणारा, गावच्या भांडणाची पोस्ट टाकणारा, सगळेच बातमी लिहितात. त्यांनाही ते उपयोगी पडावं.

आधी क्रियापद, मग नाम

मराठीने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. आपोआप झालं की कुणी केलं, हे क्रियापदच सांगतं. पडणं आणि पाडणं, तुटणं आणि तोडणं, फुटणं आणि फोडणं, जळणं आणि जाळणं, पेटणं आणि पेटवणं, सडणं आणि सडवणं. आग लागते, आणि आग लावली जाते. म्हणून पहिलं वाक्य लिहिताना भारदस्त नाम शोधत बसू नका. जोडीतलं कोणतं क्रियापद आपल्या माहितीला पेलतं, एवढंच पाहा. 'बसच्या काचा फुटल्या' हे रस्त्यावर उभा असलेला कुणीही सांगेल. 'बसच्या काचा फोडल्या' लिहायचं तर फोडताना पाहिलेला माणूस हवा, नाहीतर कॅमेऱ्याचं चित्रण.

२१ जून २०१२ ला दुपारी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर चढत गेली, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांची दालनं जळाली, पाच माणसं गेली. फायली जळत होत्या आणि त्या दिवसांत आदर्श सोसायटीचं प्रकरण गाजत होतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवरसुद्धा लोक 'लागली की लावली?' असंच विचारत होते. प्रश्न एका अक्षराचा, पण त्यात सरकारवरचा अख्खा आरोप मावत होता. लोकांनी असा प्रश्न विचारणं रास्तच होतं. मात्र बातमीचं वाक्य 'लागली' असंच हवं होतं, आणि संशय वेगळ्या वाक्यात, संशय घेणाऱ्याच्या नावानिशी. पुढे तपास गुन्हे शाखेकडे गेला आणि घातपाताला दुजोरा मिळाला नाही. पहिल्या रात्री ज्यांनी 'लावली' छापलं, त्यांचं ते वाक्य आजही कात्रणांत तसंच आहे.

उलटी चूकही होते, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. करणारे डोळ्यांसमोर असताना 'पडली' लिहिणं ही ती चूक. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पडली नाही, पाडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात ते पाडणं कायद्याचा गंभीर भंग असल्याचं म्हटलं. लखनौच्या विशेष न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२० ला सगळ्या ३२ आरोपींना निर्दोष सोडलं, ते कटाच्या खटल्यात. म्हणजे 'पाडली' ही घटना झाली आणि 'कट करून पाडली' हा आणखी एक दावा झाला. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका. कुणी दुसऱ्या दाव्यावर आक्षेप घेतला म्हणून पहिलं क्रियापद मऊही करू नका.

एकाच शब्दाचे दोन व्यवहार

मराठीत घातपात माणसाचाही होतो आणि वस्तूचाही. विहिरीत मृतदेह सापडतो आणि मथळा येतो: 'घातपात की आत्महत्या?' इथे अर्थ आहे, कुणीतरी जीव घेतला असावा. रुळाचा तुकडा कापलेला सापडतो तेव्हाही घातपातच, पण तिथे मोडलेली असते व्यवस्था. वाचक संदर्भावरून ओळखतो हे खरं, तरी लिहिणाऱ्याने आपण कोणता घातपात लिहितोय हे पक्कं धरावं.

माणसाच्या बाबतीत माझा नियम सोपा आहे. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असेल तर 'अकस्मात मृत्यूची नोंद' एवढंच लिहा. नातेवाइकांना संशय असेल तर 'घातपात झाल्याचा नातेवाइकांचा आरोप'. खुनाचा गुन्हा दाखल झाला की मात्र 'घातपात' सोडा आणि सरळ 'खून' लिहा. गुन्हा दाखल झाल्यावरही घातपात-घातपात करत राहणं म्हणजे माहीत असलेली गोष्ट धुक्यात ठेवणं. घरच्यांना ते झोंबतं. आमच्या कार्यालयात येऊन एका आईने विचारलं होतं, "खून झालाय माझ्या लेकीचा, तुम्ही अजून घातपात का लिहिता?" त्या बाईंचं बरोबर होतं.

वस्तूच्या आणि यंत्रणेच्या बाबतीत शब्द जपून वापरण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस. हावड्याहून निघून नागपूर-भुसावळमार्गे कुर्ल्याला येणारी ही गाडी २८ मे २०१० च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम बंगालमध्ये, पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात रुळावरून घसरली आणि समोरून येणारी मालगाडी घसरलेल्या डब्यांवर आदळली. सुमारे दीडशे माणसं मेली. पहिल्या तासांत स्फोटाची चर्चा होती. मग रूळ जखडून ठेवणाऱ्या क्लिपा काढल्याचं समोर आलं आणि तपास सीबीआयकडे गेला. घातपात शब्द इथे बसतो, कारण क्लिप आपोआप सुटून बाजूला जाऊन पडत नाही. पण वेळेचा क्रम बघा: घसरली, मग संशय, मग क्लिपांचा पुरावा, मग घातपात. त्या रात्री आधी 'स्फोट' लिहून मोकळं होणाऱ्याचा शब्द तपशिलाने खोटा ठरला, जरी कुणीतरी मुद्दाम केलं हा अंदाज खरा निघाला. अंदाज खरा निघाल्याने वाक्य खरं ठरत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात. घातपात पुल्लिंगी. तो होतो, केला जातो, घडवून आणला जातो; त्याचा संशय असतो, कट असतो, शक्यता तपासली जाते. 'घातपाती' हे विशेषण: घातपाती कृत्य, घातपाती कारवाया. 'घातक' म्हणजे जिवाला अपाय करणारं, औषध घातक असू शकतं आणि त्यात कुणाचाही हेतू नसतो. 'घातकी' म्हणजे दगा देणारा. या तिघांची सरमिसळ रोज होते. 'घातकी रसायन' असं लिहून आलं की मी 'घातक' करते, कारण रसायन दगा देत नाही. आणि ग्रामीण पानावर काम करणाऱ्यांसाठी एक: पावसानंतर जमिनीला पेरणीजोगा ओलावा आला की शेतकरी 'घात आली' म्हणतो. ती घात स्त्रीलिंगी, आणि आनंदाची. शहरातून आलेल्या एका मुलाने ते वाक्य काळजीने खोडलं होतं, म्हणून सांगून ठेवते.

कांद्याच्या चाळीत युरिया

आमच्या जिल्ह्यात मुद्दाम केलेल्या नासाडीचा सगळ्यात ओळखीचा प्रकार ना बॉम्बचा, ना दगडाचा. तो आहे युरियाचा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरतात. भाव चढेल या आशेवर तो पावसाळा काढतो. चाळीच्या भिंती पट्ट्यांच्या, वारा खेळावा म्हणून फटी ठेवलेल्या. त्याच फटीतून किंवा वरून रात्री कुणीतरी युरिया टाकून जातं. युरिया ओल ओढून घेतो, पाघळतो, कांद्यावर चिकटून बसतो. चार-आठ दिवसांनी चाळीखालून पाणी गळायला लागतं आणि वासाने शेतकऱ्याला कळतं.

निफाड तालुक्यातल्या अशा एका चाळीवर मी बातमीदाराबरोबर गेले होते. शेतकरीदादा हाताने वरचे कांदे बाजूला करत होते. वरचा थर कोरडा, सालपट खडखडीत वाजणारं. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो चिकट पाण्याने माखून. बोटांत अर्धवट विरघळलेले पांढरे दाणे. त्यांनी हात पुसला नाही, आम्हाला नीट दिसावा म्हणून तसाच धरून ठेवला. म्हणाले, "कोणीतरी डाव साधला ताई. वर्षाचं वाटोळं केलं." वहिनी चाळीच्या टोकाला चांगले कांदे वेगळे काढत बसल्या होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "कोणी केलं ते ठाऊक आहे, पण नाव घेता येत नाही."

या बातमीला शब्द कोणता? 'तोडफोड' नाही, काही तुटलं नाही. 'घातपात' मोठा होतो, एका चाळीला तो अंगाबाहेरचा अंगरखा. 'नासधूस' जवळ येतो, पण नासधूस रानडुकरंही करतात, मका तुडवून. तिच्यात हेतू असेलच असं नाही. आम्ही लिहिलं: 'चाळीत युरिया टाकून कांदा सडवला, अज्ञाताविरुद्ध तक्रार'. सडवला. सडला नव्हे. कांदा दमट हवेने आपोआपही सडतो, दर पावसाळ्यात सडतो, म्हणून हा 'व' लिहिण्याआधी दाणे बघितले, फोटो घेतले, तलाठ्यांनी पंचनामा केलाय का विचारलं. वहिनींना जे नाव ठाऊक होतं ते छापलं नाही, आणि 'भाऊबंदकीतून प्रकार' असंही लिहिलं नाही. भाऊबंदकी म्हटलं की गावात नाव न छापताही नाव छापल्यासारखं होतं.

तक्रार कशी लिहायची, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, तेच इथे लिहिते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात मालमत्तेच्या मुद्दाम नुकसानीचं कलम ३२४, आणि कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला 'आगळीक' म्हणतात. घरात आपण आगळीक म्हणतो ती पोरांच्या खोडीला, त्यामुळे ठाण्यातल्या कागदावर हा शब्द पाहून लोक दचकतात, आपलं नुकसान हलक्यात घेतलं असं त्यांना वाटतं. तसं नाही. कायद्याची आगळीक म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करायच्या हेतूने, किंवा नुकसान होणार हे माहीत असताना, मालमत्ता नष्ट करणं किंवा तिच्यात असा बदल करणं की तिची किंमत अथवा उपयोग कमी होईल. युरियाचं प्रकरण या दुसऱ्या भागात तंतोतंत बसतं. काही फोडलेलं असायची गरज नाही.

आणि रक्कम लिहा. जुन्या दंड संहितेत वाढीव शिक्षेची पायरी ५० रुपयांच्या नुकसानीवर होती, त्यामुळे आकड्याकडे कुणी बघत नसे. नव्या कलमात २० हजार ते १ लाखापर्यंतच्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत, आणि १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून 'अतोनात नुकसान झाले' हे वाक्य तक्रारीत निरुपयोगी आहे. किती क्विंटल भरला होता, किती खराब झाला, त्या दिवशी लासलगावला सरासरी भाव काय होता, हे लिहा. समजा ७० क्विंटल गेला आणि भाव दीड हजार, तर १ लाख ५ हजार. गुणाकार कागदावर करून दाखवा. मग 'कोणीतरी अज्ञात इसमाने नुकसान करण्याच्या उद्देशाने माझ्या चाळीत युरिया टाकला' असं वाक्य. संशयित असेल तर त्याचं नाव पोलिसांना सांगा, कारणासकट. ग्रुपवर टाकू नका.

द्राक्षबागेचंही असंच. रात्रीतून वेली बुंध्यातून कापल्या जातात किंवा तणनाशक मारलं जातं. तिथेही 'बाग उद्ध्वस्त' लिहायचा मोह होतो. किती झाडं कापली ते लिहा, आणि बाग किती वर्षांची होती तेही. द्राक्षाची वेल पुन्हा उभी करून माल घ्यायला काय लागतं, हे इथल्या वाचकाला सांगावं लागत नाही.

जमाव, आणि 'संतप्त' हे विशेषण

तोडफोड हाताने होते, समोरासमोर, आणि बहुतेक वेळा गर्दीने. दगडफेक तिच्या आधी येते, जाळपोळ नंतर. हे तीन वेगळे गुन्हे आहेत. दगडफेक झाली असेल आणि जाळपोळ झाली नसेल तर 'दगडफेक, जाळपोळ' असं लयीत लिहून टाकू नका. मोडतोड हा यांतला सौम्य शब्द. बाकांची मोडतोड वापरानेही होते. वक्तव्याची मोडतोड होते, तोडफोड नाही.

रुग्णालयाची बातमी आली की मी एक शब्द हमखास काढते: 'संतप्त'. 'संतप्त नातेवाइकांनी तोडफोड केली' या वाक्यात संताप हे कारण आधी येतं आणि तोडफोड जणू त्याचा परिणाम म्हणून मागून येते. निम्मी माफी विशेषणातच दिली गेली. रुग्ण दगावल्यावर नातेवाईक रडत होते, त्यांनी डॉक्टरांवर हलगर्जीचा आरोप केला, हे स्वतंत्र वाक्यात लिहा, पूर्ण लिहा, तेही महत्त्वाचं आहे. मग: 'त्यानंतर वीस-पंचवीस जणांनी अतिदक्षता विभागाचं दार आणि दोन मॉनिटर फोडले.' महाराष्ट्रात अशा हल्ल्यांसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई आहे. त्यामुळे काय फोडलं हे नेमकं लिहिण्याला इथेही अर्थ आहे.

जाळपोळ या शब्दामागे आपल्याकडे १९४८ आहे. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांची जळाली त्यांच्या घरांत त्या प्रसंगाला आजही 'जळित' म्हणतात, सरकारने दिलेल्या कर्जाला 'जळीत कर्ज' म्हणत. या नामात जाळणारा कुठेच नाही. पिढ्यानपिढ्या त्याच गावात राहायचं होतं, म्हणून लोकांनी असा शब्द धरला असावा असं मला वाटतं. त्यांनी तो धरावा, त्यांचा तो हक्क. आपण इतिहास लिहिताना मात्र 'जाळली' लिहावं.

कायद्याने पाडलेलं

मुद्दाम केलेलं प्रत्येक पाडणं हा गुन्हा नसतो. महापालिका अतिक्रमण पाडते. सरकारी भाषेत ते निष्कासन, वर्तमानपत्री भाषेत 'हातोडा' किंवा 'तोडक कारवाई'. 'अतिक्रमणावर हातोडा' लिहिणं सोपं, पण त्यात ते अतिक्रमण आहे हे आपणच ठरवून मोकळे होतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला पाडकामाबद्दल नियम घालून दिले, त्यात आधी किमान १५ दिवसांची नोटीस आहे. म्हणून विचारा: नोटीस कधी दिली? उत्तर मिळेपर्यंत 'महापालिकेने चार घरे पाडली' एवढंच पुरे.

सरकारी कागदही नियमाने नष्ट होतात. अभिलेखांची वर्गवारी असते: 'अ' कायम ठेवायचे, 'ब' ३० वर्षं, 'क' १०, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. मुदत संपलेला 'ड' गठ्ठा नष्ट केला तर ते काम आहे, 'ब' मधली फाईल दहाव्या वर्षी गायब झाली तर तो वेगळा विषय. माहितीच्या अधिकारात 'अभिलेख नष्ट केले' असं उत्तर आलं तर आधी वर्ग विचारा, मग शब्द निवडा. 'विल्हेवाट' हा शब्द दोन्हीकडे चालतो, कचऱ्याचीही आणि मृतदेहाचीही. म्हणून तो वापरताना शेजारी कर्ता ठेवा. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खालचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी 'पुरावा नष्ट केल्याचा आरोप' हे स्वच्छ वाक्य आपल्याकडे आहे.

मोठे शब्द

विध्वंस, विनाश, संहार, सर्वनाश, राखरांगोळी, बेचिराख, भुईसपाट, जमीनदोस्त. यांतला प्रत्येक शब्द एक चित्र मागतो. राखरांगोळीला आग हवी. भूकंपात गावाची राखरांगोळी होत नाही, गाव भुईसपाट होतं. संहार जिवांचा, इमारतींचा नाही. विध्वंसाला आवाका हवा आणि करणारा हवा. विनाशाला करणारा नसला तरी चालतो. नौदलाच्या 'विनाशिका', म्हणजे डिस्ट्रॉयर जातीच्या युद्धनौका, त्याच शब्दातून आल्या, माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम ही तशी एक. आणि 'उद्ध्वस्त' लिहिताना द्, ध, व तिन्ही लिहा. 'उध्वस्त' रोज छापून येतं, ते चूक आहे.

'उद्ध्वस्त' कुठे शोभतो ते पाहायचं असेल तर आमच्या त्र्यंबक-इगतपुरीकडच्या गडांवर या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्जने हे गड फिरून पाहिले आणि इंग्रजांनी त्यांतले बरेच निकामी केले. तट सगळा पाडायची गरज नव्हती. कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या की गड वापरातून गेला. अलंगला आज दोर लावून चढावं लागतं ते त्यामुळे. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या, त्यांच्या उभेपणाने ब्रिग्ज स्वतः थक्क झाला होता. त्या पायऱ्यांच्या खोबण्यांत हात घालून वर चढलेल्या माणसाला, शेजारच्या गडावर काय घालवलं गेलं ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे 'पडझड' लिहिणं खोटं ठरेल. पडझड काळ करतो, पाऊस करतो. अलंगच्या पायऱ्या उडवल्या गेल्या. गडाच्या माहितीफलकावर 'काळाच्या ओघात नष्ट झालेल्या पायऱ्या' असं दिसलं की मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

करणारेच सांगतात तेव्हा

१९४२ च्या चळवळीने या शब्दाला वेगळी बाजू दिली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. सातारच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून लुटली. इंग्रज सरकारच्या कागदांत ही घातपाती कृत्यं. करणाऱ्यांनीही आपण मुद्दाम, ठरवून केलं हे कधी नाकारलं नाही, उलट अभिमानाने सांगितलं. गांधीजींनी १९४४ ला सुटल्यावर गुप्त कारवाया आणि मोडतोड आपल्याला मान्य नसल्याचं स्पष्ट केलं होतं, म्हणजे चळवळीच्या आतही या शब्दावर एकमत नव्हतं.

अशा वेळी मी विशेषण मागे ठेवते आणि कृती पुढे. 'मनोरे पाडले', 'गाडी अडवली', 'तारा तोडल्या'. कृती नीट लिहिली की क्रांतिकारक म्हणायचं की घातपाती, हे कोण म्हणत होतं तेही लिहिता येतं. हुतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या लेखात 'घातपात' शब्द आला म्हणून संतापणारे फोन येतात. शब्द खोटा नसतो, पण तो सरकारी फायलीतून उचललेला आहे हे सांगायचं राहिलेलं असतं.

इंग्रजी बातमी समोर असेल तेव्हा

वृत्तसंस्थेच्या मजकुरात 'सॅबोटाज' आलं की डोळे झाकून 'घातपात' लिहिलं जातं. थांबा. तो शब्द फ्रेंच, 'साबो' म्हणजे लाकडी जोडा यावरून आलेला. कामगारांनी यंत्रात जोडे फेकले ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्या काळच्या कागदांत तिला आधार नाही. १८९७ मध्ये तुलूझच्या कामगार अधिवेशनात तो डावपेच म्हणून स्वीकारला गेला, तेव्हा मुख्य अर्थ होता वाईट पगाराला वाईट काम: रेंगाळणं, मुद्दाम बिघडवणं. म्हणजे त्यात मोडतोड असेलच असं नाही. आपला घातपात तेवढा पसरत नाही, त्याला जीव किंवा वस्तू लागते.

म्हणून वाटाघाटी कुणी बिघडवल्या तर 'मोडता घातला'. योजना अडवली तर 'खोडा घातला'. बैठक होऊ दिली नाही तर 'बैठक उधळली'. पक्षातल्याच माणसाने निवडणुकीत उमेदवार पाडला तर 'पाडला' हेच. त्याहून नेमकं मराठीत काही नाही. 'युतीच्या चर्चेचा घातपात' असं लिहून आलं तर मी ते तिथल्या तिथे बदलते.

राहिलं ते पाठपुराव्याचं. घातपाताचा संशय पहिल्या पानावर छापला असेल तर डायरीत तारीख टाकून ठेवा, आणि न्यायवैद्यक अहवाल आला का हे दर महिन्याला विचारा. संशय फोल ठरला तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, आणि मथळ्यात तोच शब्द घेऊन: 'घातपात नव्हे, शॉर्टसर्किट'. आतल्या पानावरच्या 'आगीचे कारण स्पष्ट' या मथळ्याखाली ती दडपू नका, कारण घातपात शोधणारा वाचक तो मथळा वाचणारच नाही. पोस्ट टाकली असेल तर जुनी पुसू नका, तिच्याच खाली नवी माहिती तारखेसह लिहा.